पावसात व्हॉल्व्ह बंद, पंप मात्र चालू: खारघरच्या एका बागेतल्या वायरिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

खारघरमधलं एक रो-हाउस. पुढे साधारण चाळीस चौरस मीटरचं लॉन, बाजूच्या भिंतीलगत जास्वंद आणि तगरीचं कुंपण, गच्चीवर कुंड्या आणि पोर्चच्या स्लॅबखाली टांगलेले फर्न, मनी प्लँट. घरात काका-काकू दोघंच. माळी आठवड्यातून दोनदा येतो. रोज नळी धरून उभं राहणं जमेनासं झालं, म्हणून फेब्रुवारीत ठरल्या वेळी आपोआप पाणी देणारा सहा स्टेशनचा, म्हणजे सहा व्हॉल्व्ह चालवू शकणारा, कंट्रोलर बसवून घेतला. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वायरिंग आणि मोजमापं जशीच्या तशी आहेत.

सामान नेहमीचंच. कंट्रोलरला 230 व्होल्टवरून 24 व्होल्ट एसी करणारा 25 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सगळ्यांत मिळून जेमतेम एक अँपिअर. एक इंची चार सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारे व्हॉल्व्ह, एकेका झोनला एक. प्रत्येक उघडताना क्षणभर सुमारे 0.4 अँपिअर घेतो आणि उघडा राहायला 0.2. पहिला झोन लॉनचा, त्यात चार पॉप-अप (पाणी आलं की जमिनीतून वर येणारी कारंजी), मिळून मिनिटाला 28 लिटर. दुसरा कुंपणाचा ड्रिप, तिसरा गच्चीचा ड्रिप, चौथा पोर्चचा. पाणी तीन हजार लिटरच्या जमिनीखालच्या टाकीतलं. टाकीत सिडकोचं पाणी येतं आणि तिच्याशेजारच्या अर्ध्या एचपीच्या मोनोब्लॉक पंपाने ते बागेला जातं. पंप घराच्या मागच्या बाजूला आहे, बाग पुढे आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

कंट्रोलरवर पंपासाठी वेगळं टर्मिनल होतं. या टर्मिनलबद्दल सर्रास गैरसमज असतो. तिथून पंप चालवायची वीज येत नाही, ‘आता पंप लाव’ एवढा 24 व्होल्टचा इशारा येतो. तो इशारा रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, कॉइलला द्यायचा आणि रिलेने 230 व्होल्टची वाट जोडायची. इथे बसवणाऱ्याने ते बरोबर केलं होतं: पंपाजवळच्या डब्यात 24 व्होल्ट एसी कॉइलचा, दहा अँपिअर लिहिलेला, पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा रिले.

रेन सेन्सर मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर बसवला. तो वायरचा, कॉर्कच्या चकत्यांवर चालणारा होता. चकत्या भिजल्या की फुगतात, वरचा दांडा ढकलतात आणि आतला छोटा स्विच उघडतो. कोरडं असताना स्विच जोडलेला, पाऊस पडला की तुटलेला. किती पावसाला तुटायचं ते टोपी फिरवून ठरतं, त्यावर 3, 6, 12, 20, 25 मिलिमीटर अशा खुणा असतात. शेजारची हवेची झडप किती उघडी ठेवली आहे त्यावर चकत्या किती लवकर वाळतील हे अवलंबून असतं.

बऱ्याच कंट्रोलरवर सेन्सरसाठी दोन टर्मिनल असतात आणि त्यांच्यात एक जंपर (दोन्ही जोडणारा छोटा तुकडा) असतो. जंपर काढायचा, सेन्सरच्या दोन वायरी लावायच्या, झालं. या कंट्रोलरवर ती सोय नव्हती. अशा वेळी सेन्सर कॉमन वायरमध्ये मालिकेत टाकतात. सगळ्या व्हॉल्व्हचा परतीचा रस्ता कॉमनमधूनच असल्याने कॉमन तुटली की एकही व्हॉल्व्ह उघडत नाही. पद्धत योग्यच आहे. इथे ती ज्या जागी अमलात आणली, ती जागा चुकली.

अडचण कशी दिसली

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काकूंनी माळ्याला विचारलं, “अरे, बाहेर धो धो कोसळतंय, कारंजी पण बंद आहेत, मग सकाळी सकाळी मागे मोटर का घुमते?” माळ्याने जाऊन पाहिलं. पंपाच्या तोंडाला हात लावता येत नव्हता इतका तो तापला होता आणि शाफ्टजवळून पाणी ठिबकत होतं.

वायरमनला बोलावलं. त्याने शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील गेलं म्हणून ते बदललं, कपॅसिटरही बदलला, पंप चालवून दाखवला आणि गेला. थोड्याच दिवसांत नवं सीलही गळायला लागलं. मग ‘मोटरच खराब आहे, नवीन घ्या’ असा सल्ला मिळाला.

याच दिवसांत दुसरी तक्रार सुरू झाली, पण तिचा पंपाशी संबंध कोणी जोडला नाही. पोर्चमधले फर्न सुकत चालले होते. भर पावसाळ्यात झाड पाण्यावाचून मरेल हे पटकन कुणाला सुचत नाही. माळ्याने बुरशी समजून औषध मारलं. स्लॅबखाली पावसाचा थेंब पडत नव्हता आणि चौथा झोन इतर झोनसारखाच बंद होता.

दोष शोधताना

नवीन पंप घेण्याआधी दुसरं मत घेतलं गेलं. तपासणी साध्या मल्टिमीटरने आणि क्लॅम्प मीटरने (वायर न तोडता प्रवाह मोजणाऱ्या) झाली.

सुरुवात कंट्रोलरपासून. ट्रान्सफॉर्मरवर 27 व्होल्ट. बिनभाराच्या 24 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर 26 ते 28 दिसणं ठीक. मग कंट्रोलर बंद करून, स्टेशनच्या वायरी सोडवून, प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध मोजला. तीन व्हॉल्व्ह 38 ते 42 ओमच्या दरम्यान, कुंपणाचा 70. कॉइलवर थेट मोजल्यावर तोही 40 निघाला, म्हणजे बाकीचे तीस ओम जोडात अडकले होते. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात वायरी पिळून वर फक्त काळी टेप गुंडाळलेली, आत तांब्यावर हिरवा थर. इथे एक सांगायला हवं. अशा बागेत वायर बारीक आहे म्हणून कुरकुर होते, पण पंचवीस मीटरवर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरचा जाऊन-येऊन रोध दोन ओमच्या आसपास असतो. 0.4 अँपिअरला तो एक व्होल्टसुद्धा खात नाही. वायर क्वचित दगा देते, जोड नेहमी देतात.

मुख्य चाचणी त्यानंतर. एक माणूस सेन्सरपाशी, एक पंपापाशी. लॉनचा झोन हाताने सुरू केला: पॉप-अप वर आले, पंप सुरू, क्लॅम्प मीटरवर 3.1 अँपिअर. सेन्सरचा दांडा बोटाने दाबून धरला, म्हणजे खोटा पाऊस पाडला. पॉप-अप खाली बसले. पंप चालूच राहिला आणि प्रवाह 2.3 अँपिअरवर उतरला. व्हॉल्व्हच्या कॉइलवर शून्य व्होल्ट, पंपाच्या रिलेच्या कॉइलवर 26. कंट्रोलरचा पडदा मात्र ‘झोन 1 चालू’ असंच दाखवत होता, कारण त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. कॉमन बाहेर तुटली आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

झाकण उघडल्यावर कारण डोळ्यांसमोर होतं. कंट्रोलरच्या ‘सी’, म्हणजे कॉमनच्या, टर्मिनलमधून दोन वायरी निघत होत्या. एक सरळ मागे, पंपाच्या रिलेला. दुसरी सेन्सरमधून पुढे व्हॉल्व्हच्या खड्ड्याकडे. पंपाची वायर फेब्रुवारीत आधीच ओढलेली होती; मे महिन्यात सेन्सर लावताना फक्त व्हॉल्व्हकडे जाणारी कॉमन तोडून त्यात तो बसवला. त्यामुळे पाऊस पडला की सेन्सर व्हॉल्व्ह बंद करायचा, पंपाला मात्र रोज सकाळी कार्यक्रम संपेपर्यंत इशारा मिळत राहायचा. पंप बंद नळावर डोकं आपटत होता.

प्रवाह कमी झाला हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा. सेंट्रिफ्यूगल पंपाची वाट बंद केली की तो कमी वीज घेतो, जास्त नाही. म्हणून ओव्हरलोड रिले किंवा एमसीबी या प्रसंगी काहीही करत नाही. त्यांना सगळं आलबेल दिसतं. आणि पंपाने घेतलेली वीज कुठे जाते? आतल्या पाण्यात, उष्णता म्हणून. सुमारे 300 वॉट उष्णता दीड लिटर पाण्यात कोंडली तर तापमान मिनिटाला जवळपास तीन अंशांनी चढतं. पंपाचं लोखंड थोडी उष्णता शोषतं, थोडी हवेत जाते, तरी वीस मिनिटांच्या झोनमध्ये पाणी हात पोळण्याइतकं तापतं. यांत्रिक सीलच्या दोन चकत्या पाण्याच्या पातळ थरावर फिरतात. तो थर गेला की घासून संपतात. दुसरं सील गेलं ते यामुळेच.

पर्याय

पहिला पर्याय अगदी स्वस्त: पंपाच्या रिलेची कॉमन ‘सी’वरून काढून सेन्सरच्या पलीकडे, व्हॉल्व्हच्या कॉमनसोबत जोडायची. मग पावसात व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही एकत्र थांबतात. वायरचा एक तुकडा आणि अर्ध्या तासाचं काम. दोष एकच, पण खरा: पोर्चचा झोनही बंद राहतो.

इथे मोह होतो तो पोर्चच्या व्हॉल्व्हची कॉमन सेन्सरच्या अलीकडून घेण्याचा, म्हणजे तो व्हॉल्व्ह पावसातही उघडेल. पण मग त्या झोनसाठी पंपही पावसात चालायला हवा, म्हणजे पंपाची कॉमनही अलीकडेच हवी, म्हणजे उरलेल्या तीन झोनच्या वेळी पुन्हा तीच बोंब. एका सेन्सरच्या एका संपर्कावर ‘पंप चालू, पण फक्त चौथ्या झोनला’ हे गणित सुटत नाही. कागदावर आकृती काढली की पाच मिनिटांत कळतं, वायरी ओढताना कळत नाही.

दुसरा पर्याय कंट्रोलर बदलण्याचा. सेन्सरचे टर्मिनल असलेल्या काही कंट्रोलरमध्ये ‘हा झोन सेन्सरकडे दुर्लक्ष करेल’ अशी झोननिहाय सेटिंग असते. तिथे निर्णय कंट्रोलर स्वतः घेतो आणि पंपाचा इशाराही त्यानुसार देतो. तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यांत स्वच्छ उपाय. पण पाच महिन्यांपूर्वी घेतलेला कंट्रोलर काढून टाकायला काका तयार नव्हते, आणि चार फर्नसाठी तो खर्च पटण्यासारखाही नव्हता.

तिसरा पर्याय विक्रेत्याने सुचवला: कंट्रोलरचा आणि पंपाचा संबंधच तोडायचा आणि पंपावर ऑटोमॅटिक प्रेशर कंट्रोलर बसवायचा. नळ उघडला, दाब पडला, पंप सुरू. प्रवाह थांबला, पंप बंद. घरात शॉवरसाठी हे उत्तम चालतं. बागेत ड्रिप असेल तर सावध राहावं लागतं. गच्चीच्या झोनमध्ये ताशी दोन लिटरचे 48 ड्रिपर होते, म्हणजे ताशी 96 लिटर, मिनिटाला 1.6 लिटर. असे बरेच प्रेशर कंट्रोलर मिनिटाला लिटर-दीड लिटरच्या खाली प्रवाह गेला की ‘पाणी थांबलं’ असं समजतात. इतक्या काठावर पंप चालू-बंद, चालू-बंद करत बसतो. शिवाय पाइपात बारीक गळती असेल तर रात्रभर दर थोड्या वेळाने पंप लागतो. पर्याय बाद केला.

वाय-फायचा, हवामानाच्या अंदाजावर पाणी थांबवणारा कंट्रोलरही चर्चेत आला. तो फार वेळ टिकला नाही. डोंगराच्या कुशीतल्या खारघरला पडणारा पाऊस आणि खाडीकाठच्या वाशीला पडणारा पाऊस यांत एकाच दुपारी फरक असतो. शिवाय स्लॅबखालच्या फर्नला अंदाज बरोबर आला काय नि चुकला काय, सारखंच.

शेवटी जे ठरलं ते या पर्यायांच्या यादीत सुरुवातीला नव्हतंच. पोर्चचा झोन कंट्रोलरवरून काढूनच टाकायचा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी पोर्चपर्यंत सहा-सात मीटर खाली येतं, म्हणजे साधारण 0.6 बार दाब आपोआप मिळतो. बारा कुंड्यांच्या ड्रिपला तेवढा पुरतो, फक्त दाब नियंत्रित करणारे ड्रिपर वापरायचे नाहीत, त्यांना सहसा जास्त दाब लागतो. नळाला बॅटरीवरचा टाइमर, ना पंप, ना सेन्सर. टाइमर घेताना एक बघायचं: आत बॉल व्हॉल्व्ह असलेला घ्यायचा. डायफ्रॅमवाल्या टाइमरला उघडायला आणि घट्ट बंद व्हायला पाइपातला दाब लागतो. टाकीच्या कमी दाबावर तो अर्धवट उघडा राहून ठिबकत बसतो.

प्रत्यक्ष काम

मेन बंद करून, टेस्टरने नव्हे तर मीटरने शून्य व्होल्ट बघून काम सुरू केलं. पंपाच्या रिलेची कॉमन सेन्सरच्या पलीकडे हलवली. व्हॉल्व्हच्या खड्ड्यातले सगळे जोड कापून जेल भरलेल्या कनेक्टरमध्ये नव्याने केले. कुंपणाच्या व्हॉल्व्हचे 70 ओम 41 वर आले. खारी, दमट हवा आणि चार महिने पाण्याने भरणारा खड्डा यांपुढे टेप टिकत नाही.

सील पुन्हा बदललं. त्यासोबत पंपाच्या डिलिव्हरी पाइपवर टी टाकून अर्ध्या इंचाची एक परतीची लाइन टाकीत सोडली, तिच्यावर एक बॉल व्हॉल्व्ह, आणि तो बादली व घड्याळ धरून मिनिटाला तीन लिटरवर आणून तसाच ठेवला. यापुढे कोणत्याही कारणाने सगळे व्हॉल्व्ह बंद राहिले, कॉइल जळाली, वायर तुटली, तरी पंपातून थोडं पाणी फिरत राहील. मिनिटाला तीन लिटर वाहिले तर तेच 300 वॉट पाण्याला दीड अंशसुद्धा तापवू शकत नाहीत. लॉनच्या 28 लिटरपुढे तीन लिटरची तूट पॉप-अपच्या फेकीत दिसली नाही. परतीच्या पाइपाचं टोक पाण्यात बुडवलेलं नाही, वर ठेवलं आहे. पंप चालू असला की पाणी पडल्याचा आवाज येतो.

रिलेच्या कॉइलच्या वाटेत आणखी एक गोष्ट मालिकेत घातली, टाकीतला फ्लोट स्विच. सिडकोचं पाणी एखाद्या दिवशी आलं नाही तर पंप कोरडा चालू नये म्हणून. फ्लोट 24 व्होल्टच्या बाजूला असल्याने टाकीच्या पाण्यात 230 व्होल्टची वायर लोंबत नाही, हा मोठा फायदा. वायरला अडकवलेल्या वजनापासून फ्लोटपर्यंत तीसेक सेंटिमीटर वायर मोकळी ठेवली. फार आखूड ठेवली की पाणी हललं तरी पंप फडफडतो.

इथे काम संपलं असं सगळ्यांना वाटलं. पाचव्या-सहाव्या दिवशी काकूंचा पुन्हा फोन: ऊन पडलंय, कार्यक्रम संपलाय, आणि पंप थांबतच नाहीये.

दुसरा दोष

या वेळी रिलेच्या कॉइलवर शून्य व्होल्ट होते. इशारा गेलेला, तरी पंप चालू. डबा उघडून रिलेवर हलकी टिचकी मारली आणि पंप थांबला. पारदर्शक आवरणातून आतले संपर्क काळे पडलेले दिसत होते, चिकटले होते.

दहा अँपिअरचा रिले आणि तीन अँपिअरचा पंप, मग चिकटला का? रिलेवर छापलेले दहा अँपिअर हे हीटरसारख्या सरळ भारासाठी असतात. मोटर सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह ओढते, इथे पंधरा ते वीस अँपिअर, आणि नेमक्या त्या क्षणी संपर्क टेकून उसळत असतात. प्रत्येक वेळी थोडं वेल्डिंग होतं. त्यात कंट्रोलरमध्ये दोन झोनमधलं अंतर दहा सेकंदांवर ठेवलेलं असल्याने एका सकाळी पंप तीन-चार वेळा बंद होऊन चालू होत होता. आणि परतीची लाइन नसती तर या चिकटलेल्या रिलेने तिसरं सीलही खाल्लं असतं.

मोटरसाठी कॉन्टॅक्टर (रिलेचाच दणकट भाऊ) हवा, ज्यावर एसी-3 या, म्हणजे मोटरच्या भाराच्या, वर्गाचे अँपिअर लिहिलेले असतात. नऊ अँपिअरचा पुरेसा होता. मग प्रश्न कॉइलचा. 24 व्होल्ट एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर थेट कंट्रोलरला लावणं सोपं वाटतं, पण अशा कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना क्षणभर साठ-सत्तर व्हीए मागते. 25 व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला ते झेपत नाही. व्होल्ट पडतात, कॉन्टॅक्टर गुरगुरत राहतो आणि संपर्क जळतात. म्हणून दोन पायऱ्या केल्या: कंट्रोलर नवीन छोट्या रिलेला चालवतो, ज्याला अवघे 0.05 अँपिअर लागतात, छोटा रिले 230 व्होल्ट कॉइलच्या कॉन्टॅक्टरला चालवतो, कॉन्टॅक्टर पंपाला.

कॉन्टॅक्टरखाली 2.5 ते 4 अँपिअरचा ओव्हरलोड रिले, 3.2 वर लावलेला. हे साहित्य मुळात थ्री-फेजसाठी असतं, त्यामुळे सिंगल-फेजला तिन्ही पोलमधून सारखा प्रवाह न्यावा लागतो, नाहीतर एक फेज गेला समजून तो उगाच पडतो. फेज पहिल्या पोलमधून खाली, तिथून वायर वर आणून दुसऱ्यातून पुन्हा खाली आणि मोटरला, न्यूट्रल तिसऱ्यातून. असं केल्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, हा वरचा नफा. ओव्हरलोड पडला की उघडणारा त्याचा 95-96 हा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत घातला.

बोर्डात पंपासाठी वेगळा सहा अँपिअरचा सी-कर्व्ह (मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याला न पडणारा) एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा) लावला, पंपाच्या बॉडीचं अर्थिंग तपासलं. आधी पंपाला आरसीसीबी नव्हता आणि अर्थिंगची वायर पाइपाला गुंडाळलेली होती. पाण्याशेजारच्या पंपाला हे चालवून घेऊ नये; 230 व्होल्टचं एवढं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतलं. 24 व्होल्टच्या वायरी वेगळ्या पाइपातून नेल्या. डब्याची वायर आत शिरण्याची सगळी भोकं ग्लँड लावून बंद केली. हे पाण्यासाठी आहे तितकंच पालींसाठीही. उबेला आत शिरलेली पाल कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलवर आडवी झाली की पुढचं सांगायला नको.

कंट्रोलरमधलं झोनमधलं अंतर शून्य केलं. आता पंप एकदा लागतो आणि शेवटचा झोन संपला की थांबतो.

सेन्सरची जागा

सेन्सर पोर्चच्या कठड्यावर, बॉटल पामच्या झावळ्यांखाली होता, कारण तिथून वायर कमी लागत होती. झावळ्यांमुळे पहिल्या सरी त्याच्यापर्यंत पोचत नव्हत्या आणि पाऊस थांबल्यावर तासभर वरून ठिबकत राहायचं. शिवाय सावली. तो गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात, उघड्या आभाळाखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या गरम झोतापासून लांब हलवला. टोपी 3 मिलिमीटरवरून 6 वर, हवेची झडप पूर्ण उघडी.

तरीही कोकणच्या पावसाळ्यात अशा सेन्सरकडून किती अपेक्षा ठेवावी हे स्पष्ट असावं. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली असते की कॉर्क वाळतच नाही. दोन दिवस उघडीप मिळाली तरी तो ‘पाऊस आहे’ म्हणत राहतो. त्या दोन महिन्यांत लॉनचा कार्यक्रम बंद ठेवणं हेच बरं. सेन्सरचा खरा उपयोग दोन टोकांना: मुंबईला मान्सून पोचण्याची सरासरी तारीख 11 जून, परतण्याची 8 ऑक्टोबर, या दोन्हींच्या आगेमागे जे बेभरवशाचे पंधरा-वीस दिवस असतात तिथे, आणि बटण बंद करायला माणूस विसरतो तेव्हा.

कार्यक्रम बंद ठेवला की नवा धोका येतो: दोन महिने न फिरलेला मोनोब्लॉक जाम होतो. म्हणून माळ्याला काम दिलं, दर आठवड्याला दोन मिनिटं पंप चालवायचा. पण सेन्सर भिजलेला असताना हाताने सुरू करूनही पंप लागणार नाही, कारण त्याचीही कॉमन आता सेन्सरमागे आहे. त्यासाठी कंट्रोलरशेजारी सेन्सरला समांतर एक साधा स्विच दिला. तो चालू राहून गेला तर सेन्सर असून नसल्यासारखा, म्हणून त्याला दिवा असलेला स्विच हवा होता. 24 व्होल्टचा मिळाला नाही, तेव्हा बोट काढलं की परत येणारं पुश बटण लावलं. दोन मिनिटं बोट दाबून उभं राहावं लागतं. माळी कुरकुरतो.

निष्पत्ती

ऑक्टोबरपर्यंत पंपाचं तोंड कोमट झालेलंही आढळलं नाही. सील कोरडं. सेन्सर दाबून घेतलेल्या चाचणीत पॉप-अप आणि पंप एकाच क्षणी थांबतात. पोर्चचे फर्न टाइमरवर सावरले, दोन मात्र गेले ते गेलेच.

ऑक्टोबरच्या उन्हात सेन्सर नव्या जागीही पूर्ण वाळायला दोन दिवस घेतो. लॉनला ते चालतं, गच्चीवरच्या छोट्या कुंड्यांना चालत नाही; त्या दिवसांत गच्चीला काकू हाताने पाणी घालतात. झोननिहाय सेटिंगचा कंट्रोलर घेतला असता तर हे टळलं असतं. त्या पर्यायाला नाही म्हणण्याची ही किंमत आहे, आणि घरच्यांनी ती समजून मोजली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत महागात पडलं ते मे महिन्यातलं तपासणं. सेन्सर बसवणाऱ्याने दांडा दाबून बघितला होता. पॉप-अप खाली बसले, ‘झालं काम’ म्हणून तो गेला. पंप मागे होता, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. पंप असलेल्या बागेत सेन्सरची चाचणी पंपापाशी उभं राहूनच करायची, दुसऱ्या माणसाला दांडा दाबायला सांगून.

जुलैत पहिलं सील बदलताना ‘हे कशामुळे गेलं’ हा प्रश्न विचारला असता तर एक सील आणि एक कपॅसिटर वाचला असता. कपॅसिटर तर ठणठणीत होता. चालू पंपाचा प्रवाह झोन उघडा असताना आणि बंद असताना, असा दोनदा मोजायला दहा मिनिटं लागतात.

कंट्रोलर घेतानाच बागेचा कुठला भाग पावसात भिजत नाही हे विचारायला हवं होतं. आपल्याकडे पोर्च, बाल्कनी, छज्जाखालची पट्टी असतेच. अशा घरी सेन्सरचे टर्मिनल आणि झोननिहाय सूट असलेला कंट्रोलर सुरुवातीलाच घेतला तर फरकाची रक्कम फार नसते. नंतर बदलायचा म्हटलं की अख्खा खर्च दिसतो.

परतीच्या लाइनबद्दल मात्र मतभेद राहिला. वायरमनचं म्हणणं, वायरिंग बरोबर केल्यावर रोज मिनिटाला तीन लिटर फुकट फिरवायचं कशाला. फिरणारं पाणी परत टाकीतच पडतं आणि विजेचा फरक नगण्य आहे, पण त्याचा मुद्दा अगदीच गैर नाही: अशी लाइन असली की व्हॉल्व्ह उघडत नाही हे लवकर लक्षात येत नाही, कारण पंप तापून ओरडत नाही. म्हणून महिन्यातून एकदा परतीचा व्हॉल्व्ह न हलवता प्रत्येक झोन पाच मिनिटं चालवून क्लॅम्प मीटरचा आकडा डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहायचा असं ठरलं. त्याच कागदावर वायरींचे रंग आहेत: पांढरी सेन्सरच्या अलीकडची कॉमन, काळी पलीकडची, पिवळी पंपाची. पुढचा माणूस नवा झोन जोडायला आला तर त्याने काळीलाच जोडायचं.